चार वेळा ‘सोडवलेली’ तक्रार: डोंबिवलीतल्या एका घराचे नेटविना पंचवीस दिवस

हे प्रकरण माझ्या मावशीच्या घरचं आहे, २०२३ च्या पावसाळ्यातलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण हे लिहिताना ज्या ज्या ओळखीच्यांना मी सांगितलं त्यातल्या बहुतेकांनी “अगं आमच्याकडे पण अगदी हेच झालं” म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची नावं घेतली. म्हणून एकच घर, एकच बिघाड, एकच वायर घेऊन ८ जुलैपासून १८ ऑगस्टपर्यंत काय काय झालं ते सगळं तारखेवार मांडते. तारखा पक्क्या आहेत कारण मावशीने वही ठेवली होती, आणि पुढे सगळं प्रकरण त्या वहीवरच उभं राहिलं.

मावशी आणि काका डोंबिवली पूर्वेला राहतात, जुनी चार मजली सोसायटी, लिफ्ट नाही, हे तिसऱ्या मजल्यावर. मावशी शाळेतून रिटायर झालेली मराठीची शिक्षिका. लॉकडाऊनपासून ती शनिवार-रविवारी संध्याकाळी साडेसहाला ऑनलाइन मराठीचा क्लास घेते, मुलं पाच, तीन न्यू जर्सीला आणि दोन जर्मनीत. आपल्याकडे साडेसहा म्हणजे उन्हाळ्यात तिकडे अमेरिकेत सकाळचे नऊ आणि जर्मनीत दुपारचे तीन, ही एकच वेळ सगळ्यांना जमते. फी फार नाही, पण तिच्यासाठी तो आठवड्याचा कणा आहे. त्या मुलांच्या आज्या इकडे ठाण्याला, साताऱ्याला बसल्यात आणि नातवंडं त्यांच्याशी मराठीत बोलावीत म्हणून हा खटाटोप चाललाय. हे एवढ्यासाठी सांगितलं की नेट बंद म्हणजे ‘सिरियल बघता येत नाही’ एवढाच प्रश्न नव्हता.

एप्रिलमध्ये काकांनी वर्षाचा प्लॅन एकदम भरला होता. शंभर एमबीपीएस, महिना ७०० प्रमाणे बारा महिन्यांचे ८,४०० आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी १,५१२, म्हणजे ९,९१२ रुपये. वर्षाचे एकदम भरले की राउटर फ्री आणि इन्स्टॉलेशन फ्री असं होतं. पुढे माझ्या लक्षात आलं की हे एकरकमी भरणंच सगळ्यात अडचणीचं ठरलं, कारण पैसे आधीच कंपनीकडे गेले की ‘दुसरं कनेक्शन घेतो’ ही आपल्या हातातली एकच गोष्ट पण जाते.

लाल लाइट

८ जुलै, शनिवार, संध्याकाळी सहाच्या सुमाराला राउटरवरचा एलओएसचा लाइट लाल झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, फायबरच्या कनेक्शनमध्ये घरातल्या डब्यापर्यंत वीज येत नाही, प्रकाश येतो, आणि तो प्रकाश पोचत नसेल तर हा लाइट लाल होतो. म्हणजे बिघाड घरातल्या वायफायचा नाही, वायरीचा. हे कस्टमर केअरला पण माहीत असतं, तरी फोनवर पहिली दहा मिनिटं राउटर बंद करा, तीस सेकंद थांबा, चालू करा हेच चालू होतं. शेवटी डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, मिळाला आणि अठ्ठेचाळीस तास सांगितले. त्या दिवशीचा क्लास मावशीने मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतला, घरात रेंज एकच कांडी येते म्हणून गॅलरीत खुर्ची टाकून, पावसाचे शिंतोडे येत होते तरी.

सोमवारी १० तारखेला पोरगा आला. चांगला पोरगा, नम्र, चपला बाहेर काढून आत आला. त्याने राउटरमागचं कनेक्टर कापून नवं लावलं, लाइट हिरवा झाला, आणि तो म्हणाला, “काकू, मोबाइलवर एक ओटीपी आला असेल तो द्या.” मावशीने दिला. नेट दोन तास चाललं. संध्याकाळी पावसाची सर आली आणि परत लाल.

मंगळवारी दुसरी तक्रार. बुधवारी दुपारी मेसेज, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कोणी आलंच नव्हतं. फोन केल्यावर कळलं की सिस्टीममध्ये ‘ग्राहक घरी नव्हते’ असं टाकलंय. काकांचे गुडघे दुखतात, पावसात ते तीन जिने उतरून कुठेही जात नाहीत, त्या दिवशी तर दिवसभर ते दाराशेजारच्या खुर्चीत बसून होते. काकांचा खरा संताप त्या दिवसापासून सुरू झाला. त्यांचं म्हणणं होतं, नेट बंद पडणं मी समजू शकतो पण मी घरात असताना घरात नव्हतो असं कोणी लिहून ठेवतो हे मी सहन नाही करणार.

१३ तारखेला तिसरी तक्रार, १४ ला दुसरा पोरगा आला, याच्याकडे वायरीतला प्रकाश मोजायचं पॉवर मीटर होतं. वायरीचं टोक मीटरला लावलं तर रीडिंग आलं उणे ३१ डीबीएम. मावशीने ते वहीत लिहून ठेवलं, अर्थ तिला तेव्हा कळला नव्हता. त्या पोराने स्वच्छ सांगितलं की घरात काही प्रॉब्लेम नाहीये, बाहेरची लाइन खराब आहे, स्प्लायसिंगची, म्हणजे तुटलेली फायबर जोडणारी, टीम लागेल, ते मशीन आमच्या पूर्ण झोनमध्ये एकच आहे, मी मागणी टाकतो. कनेक्टर साफ करून तासभर चालेल एवढं त्याने करून दिलं आणि म्हणाला माझं काम झालं, ओटीपी द्या, माझं टिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, उघडं राहिलं तर माझे पैसे कापतात. मावशीने चहा दिला आणि ओटीपी पण दिला. तिला वाटलं या पोराचे पैसे का कापले जावेत, याने तर खरं सांगितलं.

रविवारी १६ ला चौथी तक्रार, मंगळवारी १८ ला ती पण बंद, कारण ‘एरिया फॉल्ट’. म्हणजे बिघाड पूर्ण भागाचा आहे म्हणून तुमची वेगळी तक्रार ठेवायची गरज नाही. मग भागाची तक्रार कुठल्या नंबरवर आहे, ती कधी सुटणार, हे विचारल्यावर उत्तर नाही.

पुढचे तीन दिवस फोनच केला नाही. १९ तारखेच्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, रायगड-ठाण्यात पाऊस असा होता की कल्याणच्या पुढे लोकल बंद पडत होत्या, शाळांना सुट्ट्या दिलेल्या. मावशी म्हणाली अशा वेळी कोणाला खांबावर चढायला लावायचं नाही. मला हे इथे नोंदवायचंय, कारण ग्राहक उगाच आरडाओरडा करतात असं या धंद्यातली माणसं म्हणतात आणि बहुतेक घरांत माणसं बऱ्यापैकी समजूतदारच असतात.

वही उघडून बसलो तेव्हा काय दिसलं

मी २२ ला, शनिवारी, पुण्याहून गेले. पाचवी तक्रार मीच केली. मग रात्री मावशीची वही, काकांच्या फोनमधले मेसेज आणि एक कोरा कागद घेऊन आम्ही तिघं जेवणाच्या टेबलावर बसलो, आणि मी एका बाजूला खरे बंद दिवस आणि दुसऱ्या बाजूला कंपनीच्या हिशोबाने बंद दिवस असं लिहायला घेतलं.

ट्राय म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था. तिचे ब्रॉडबँडच्या गुणवत्तेचे २००६ चे नियम तेव्हा लागू होते. त्यात बिघाड दुरुस्त व्हायला तीन कामाच्या दिवसांपेक्षा जास्त लागले तर भाड्यात सूट द्यायची आहे, आणि ती कंपनीच्या मर्जीवर नाही, नियमच आहे. तीन ते सात दिवस लागले तर सात दिवसांचं भाडं, सात ते पंधरा लागले तर पंधरा दिवसांचं, आणि पंधराच्या वर गेलं तर पूर्ण महिन्याचं. बहुतेक लोकांना हे माहीतच नसतं, मला पण त्या रात्रीपर्यंत नव्हतं.

आता कंपनीचा हिशोब बघा. पहिली तक्रार ८ ते १०, दोन दिवस. दुसरी ११ ते १२, एक दिवस. तिसरी १३ ते १४, एक दिवस. चौथी १६ ते १८, दोन दिवस. चारही तक्रारी तीन दिवसांच्या आत ‘सोडवलेल्या’. म्हणजे कागदावर या कंपनीची सेवा नियमात बसते आणि मावशीला एक रुपयाची सूट लागू होत नाही. आणि प्रत्यक्षात? ८ पासून २२ पर्यंत नेट चाललं ते १० तारखेला दोन तास आणि १४ ला एक तास.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो ओटीपी काय चीज आहे. आपल्याला वाटतं ओटीपी म्हणजे माणूस येऊन गेल्याची पोच. तसं नाहीये. ओटीपी दिला की तक्रार मिटली असं आपण स्वतः लिहून दिल्यासारखं होतं, घड्याळ थांबतं, आणि दुसऱ्या दिवशी आपण फोन केला की ते नवीन बिघाड म्हणून परत शून्यापासून मोजतात. एकच तुटकी वायर, पण कागदावर चार वेगवेगळे छोटे बिघाड आणि चारही वेळेत दुरुस्त. पोरगा त्यासाठी गयावया करतो कारण त्याचा पगार टिकीट बंद करण्याशी बांधलेला आहे, वायर जोडण्याशी नाही. त्याच्या हातात स्प्लायसिंग मशीन देत नाहीत आणि टिकीट उघडं ठेवायची मुभा पण देत नाहीत, मग तो बिचारा काय करणार, तो ओटीपी मागणार. मला त्या पोरांचा राग आला नाही आणि अजूनही येत नाही. ज्यांनी ही मोजणी अशी बसवली त्यांचा येतो.

यात अजून एक भानगड आहे, ती म्हणजे कंपनी आणि लोकल फ्रँचाइझी. डोंबिवलीसारख्या ठिकाणी वायर बहुतेक वेळा ज्याचं जुनं केबलचं जाळं आहे त्याचीच असते. २०१३ मध्ये कल्याण-डोंबिवलीत केबल डिजिटल झालं, सेट टॉप बॉक्स आले, मग त्याच केबलवाल्यांनी पुढे कुठल्या ना कुठल्या नेट कंपनीची फ्रँचाइझी घेतली. माणसं तीच, खांब तेच. आता कस्टमर केअर कंपनीचं, तक्रार तिकडे नोंदवायची, आणि वायर जोडणार फ्रँचाइझीचा माणूस. कंपनी म्हणते लोकल टीमला पाठवलंय, लोकल ऑफिस म्हणतं कंपनीकडून मटेरियल आलं नाही. काका त्या ऑफिसात दोनदा रिक्षा करून गेले, दोन्ही वेळा “काका, उद्या करतो” एवढंच ऐकून परत आले.

आणि याच रागात काकांची एक चूक झाली. २० तारखेला केबलचे पैसे घ्यायला पोरगा आला (टीव्ही आणि नेट, दोन्हीचे पैसे एकच माणूस नेतो), त्याला काका म्हणाले आधी नेट चालू करा मग टीव्हीचे पैसे न्या. पोरगा काही न बोलता गेला आणि २५ ला बॉक्स बंद. काकांची संध्याकाळची बातम्यांची सोबत पण गेली. कारण टीव्हीचं खातं वेगळं, त्याचे नियम वेगळे. तेव्हा १३० रुपये नेटवर्क फी अधिक जीएसटी म्हणजे १५३ रुपये ४० पैसे आणि वर पे चॅनलचे, ते थकले तर बॉक्स बंद होणार. एका पावतीवर दोन्ही लिहिलेलं असलं तरी एकाचा राग दुसऱ्यावर काढता येत नाही. आम्ही २६ ला पैसे भरले आणि अर्ध्या तासात टीव्ही चालू झाला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, पैसे यायचे असले की यांचं सगळं किती पटकन होतं.

ओटीपी न दिल्याचा दिवस

२४ जुलै, सोमवार. पाचव्या तक्रारीवर पोरगा आला, तोच पहिला, हातात फक्त राउटरची बॅग. बघितलं, म्हणाला लाइन बाहेरून खराब आहे, वर कळवतो, ओटीपी द्या. मावशीने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, “बाळा, तू आलास हे मी लिहून सही करून देते, तुझा फोटो काढून तुझ्या साहेबाला पाठव, पण नेट चालू झाल्याशिवाय ओटीपी देणार नाही.” पोरगा म्हणाला काकू मग ते ‘कस्टमर सहकार्य करत नाही’ असं टाकतील. मावशी म्हणाली टाकू दे, त्याचं उत्तर मी देईन. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेली बाई आहे, आवाज न चढवता हे तिला जमतं. मला ते जमलं नसतं, मी तोपर्यंत भांडले असते.

त्याच संध्याकाळी अपील टाकलं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आम्ही पण आधी चुकीच्या दारात उभे होतो. मी सगळ्यात आधी ट्रायकडे तक्रार करायला निघाले होते. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, ते नियम बनवतात. पण ट्रायच्याच २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक टेलिकॉम कंपनीला दोन पायऱ्या ठेवाव्या लागतात, पहिली तक्रार केंद्र म्हणजे जिथे डॉकेट नंबर मिळतो ती, आणि तिथे समाधान नाही झालं तर अपील प्राधिकरण. अपीलाला फी नाही, वकील नको, ईमेल चालतो, आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. कस्टमर केअरवर हे कोणी आपणहून सांगत नाही. मी तीनदा विचारलं तेव्हा “सिनियरला कॉल ट्रान्सफर करते” असं उत्तर आलं. पत्ता मिळाला तो कंपनीच्या वेबसाइटवर अगदी खाली बारीक अक्षरातल्या ग्राहक सनदेमध्ये.

अपील मावशीने मराठीत लिहिलं, मी फक्त टाइप केलं. तिने लिहिलेला मधला भाग जसाच्या तसा देते: “माझ्या घरी एकच बिघाड आहे आणि तो ८ जुलैपासून आजपर्यंत दुरुस्त झालेला नाही. आपण त्याच्या चार तक्रारी बंद केल्या, त्यापैकी दोन वेळा माझ्या घरी कोणी आले नाही. १४ जुलै रोजी आपल्याच तंत्रज्ञाने मोजलेले रीडिंग उणे ३१ आहे, ते सोबत जोडत आहे. हे पाच क्रमांक एकाच तक्रारीचे धरावेत आणि त्याप्रमाणे दिवस मोजावेत.” एवढंच मागणं. मनस्ताप, नुकसानभरपाई, ‘आम्ही सिनियर सिटिझन आहोत’ असलं काहीच नाही. मी मध्ये क्लास बुडाल्याचं घाल म्हणत होते, ती म्हणाली मुद्दा एकच ठेव, चार मुद्दे दिले की ते सोप्या मुद्द्याचं उत्तर देतात.

जोडलेल्या गोष्टींमध्ये पाचही डॉकेट नंबर, मेसेजचे स्क्रीनशॉट, वहीचं पान, लाल लाइटचे फोटो. आणि एक गोष्ट जी मला रात्री अकरा वाजता सुचली आणि जिच्यावर बाकी सगळं फिरलं. कंपनीच्याच अॅपमध्ये रोज किती डेटा वापरला त्याचा ग्राफ असतो. तो उघडला. ८ जुलैनंतर सगळे दिवस शून्य, मध्ये फक्त १० आणि १४ ला छोट्या दोन काड्या. आपण फोटो दाखवले तर ते म्हणू शकतात राउटर तुम्हीच बंद ठेवला असेल, पण ज्या घरात रोज चार-पाच जीबी जात होते तिथे एकदम दोन आठवडे शून्य, आणि ते पण यांच्याच सर्व्हरने लिहिलेलं, याला काय उत्तर देणार?

२६ ला फोन आला, बाई गोड बोलत होत्या, म्हणाल्या मॅडम आम्ही तुम्हाला सात दिवसांची व्हॅलिडिटी वाढवून देतो, अपील मागे घ्या. मावशी म्हणाली नेट चालू झालेलं नाही, तुम्ही जे सांगताय ते ईमेलवर लिहून पाठवा. ईमेल आला नाही. २७ ला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर पण नोंद केली, तिथून तक्रार कंपनीकडे जाते एवढंच, पण नोंद होते. दूरसंचार विभागाचा तक्रार कक्ष आहे, १०६३ वर, तो आम्ही राखून ठेवला होता. आणि अगदीच नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या आयोगात जाता येतं. आधी टेलिकॉमच्या बाबतीत कंपन्या म्हणायच्या की ग्राहक मंचाला अधिकारच नाही, त्यासाठी सुप्रीम कोर्टाच्या २००९ च्या एका निकालाचा आधार घ्यायच्या, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की ग्राहक तिथे जाऊ शकतो. काकांना तिथे जायचंच होतं, मावशीला क्लास सुरू करायचा होता. आम्ही मावशीचं ऐकलं.

खांबावर सापडलेलं उत्तर

३१ जुलैला सुपरवायझर, दोन माणसं आणि ते मशीन, सगळे आले. मी तेव्हा तिथे नव्हते, काकांनी खिडकीतून व्हिडिओ कॉलवर दाखवलं, हॉटस्पॉट लावून. बिघाड असा निघाला. मे महिन्यात रस्त्याकडेच्या गटाराचं काम झालं तेव्हा खणताना वायर तुटली होती आणि कोणीतरी ती तात्पुरती जोडून काळी टेप गुंडाळून ठेवली होती. जॉइंटचा डबा झाकण न लावता झाडाच्या फांदीला बांधलेला, आत पाणी. पुढे तीच वायर शेजारच्या पत्र्याच्या शेडच्या कडेवर घासत होती आणि तिथे तिला चांगलाच मोड आलेला. फायबरला मोड चालत नाही, आतला प्रकाश तिथून बाहेर पडतो. पाऊस आला, फांदी जड होऊन खाली आली, वायर ओढली गेली की प्रकाश अजून कमी. म्हणून सर आली की लाल.

आता त्या उणे ३१ चा अर्थ. या आकड्यात दर तीनाला प्रकाश निम्मा होतो. घरातला डबा साधारण उणे २७ पर्यंतचा प्रकाश वाचू शकतो, त्याखाली तो हात टेकतो. २ ऑगस्टला, बुधवारी, साठ मीटर नवीन वायर टाकून मशीनवर जॉइंट मारल्यावर रीडिंग आलं उणे १९. म्हणजे बाराचा फरक, चार वेळा निम्मं, सोळा पट. २५ दिवस मावशीच्या घरी हवा त्याच्या सोळावा हिस्सा प्रकाश येत होता आणि हे १४ जुलैला कंपनीच्याच माणसाने मोजलेलं होतं. हे काम पहिल्या आठवड्यात झालं असतं तर पोरांच्या एवढ्या फेऱ्या, एवढे फोन, काहीच लागलं नसतं. कंपनीचे पण पैसे वाचले असते. मला राहून राहून हे कळत नाही की त्या आकड्यासाठी टिकिटावर एक रकाना का नसतो, उणे २७ च्या खाली असेल तर टिकीट बंदच होणार नाही एवढं जरी केलं तरी निम्म्या घरांचा त्रास जाईल.

मावशीने त्या दिवशी ओटीपी लगेच दिला नाही. रीडिंगचा फोटो काढला, रात्री पाऊस झाला, सकाळी लाइट हिरवाच होता, मग फोन करून दिला. सुपरवायझरने पण कुरकुर केली नाही.

अपीलाचा निकाल १८ ऑगस्टला ईमेलने आला. त्यांनी पाचही नंबर एकाच बिघाडाचे धरले, आणि रविवार, मोहरमची सुट्टी सगळं वजा करून सुद्धा कामाचे दिवस पंधराच्या पुढे गेलेले म्हणून पूर्ण महिन्याची सूट, प्लॅनची मुदत तीस दिवसांनी वाढवून. जीएसटी धरून ८२६ रुपयांची गोष्ट. काका म्हणाले एवढ्यासाठी एवढं? मावशीने तो ईमेल प्रिंट काढून वहीत चिकटवला.

जे कोणी हे वाचून अपील लिहायला बसतील त्यांनी एक लक्षात ठेवा, हे प्रकरण जुन्या नियमांखालचं आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून ट्रायचे गुणवत्तेचे नवे नियम लागू झालेत, त्यामुळे किती दिवसांना भाड्यात किती सूट ते आकडे नव्या नियमात बघूनच लिहा. केबल टीव्हीचं पण तसंच, ती १३० रुपयांची मर्यादा जुलै २०२४ मध्ये ट्रायने काढून टाकली, आता फी किती ते ऑपरेटर ठरवतो.

५ ऑगस्टला शनिवारी क्लास घरात, टेबलावर, पंख्याखाली झाला. मुलांनी विचारलं आजी आज पाऊस का नाही वाजत मागे.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. त्या झाडावरच्या डब्यातून सोसायटीतली अजून पाच घरं जोडलेली होती. त्यांचं पण नेट तितकेच दिवस बंद होतं, त्यांनी पण तक्रारी केल्या होत्या, प्रत्येकाने ओटीपी दिले होते, वायर बदलल्यावर त्यांचं पण चालू झालं, आणि सूट मात्र कंपनीने आपणहून कोणालाच दिली नाही. ज्या ग्राफने मावशीचे दिवस मोजले तोच ग्राफ त्या पाच घरांचा पण कंपनीकडे होता. मावशीने त्यातल्या दोघांना अपील लिहून दिलं, पहिल्या मजल्यावरच्या काकूंना आणि समोरच्या भाडेकरू मुलांना. काकूंना सात दिवस मिळाले. मुलांच्या अपीलाला उत्तर यायच्या आधीच त्यांनी खोली सोडली.